घरतबाईंचा कांद्याचा तास

आमच्या घरतबाईंकडून काहीही मागून नेता येतं. साखर मिळते, शिडी मिळते, पाहुणे आले तर गाद्यासुद्धा मिळतात. एकदा मी त्यांची छत्री नेली ती पावसाळा संपल्यावर परत केली, तरी बाई चकार शब्द बोलल्या नाहीत. फक्त लिहिलेला कागद त्यांच्या घरातून बाहेर जात नाही.

हे मला पहिल्यांदा कळलं ते सुकटीच्या चटणीपायी. मी कदम, मूळचा माणगावचा, अलिबागजवळच्या या गावात हायस्कुलात क्लार्क म्हणून आलो त्याला बावीस वर्षं झाली. घरतबाई त्याच शाळेत विज्ञान शिकवतात आणि माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. आल्या आल्याच माझ्या बायकोला त्यांची चटणी आवडली आणि कृती आणायला तिनं मला पाठवलं. बाईंनी लोखंडी कपाट उघडलं, आतली वही आतच ठेवून तिच्यावर झुकल्या आणि म्हणाल्या, "घ्या लिहून."

"वहीच द्या ना. पाच मिनिटांत परत आणतो."

"मूळ हलवायचं नाही, कदम. नक्कल घ्या."

मी लिहून घेतलं. मग त्यांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. मग खालून वर वाचायला लावलं. खालून वाचताना सापडलं, की लसणीच्या सहा पाकळ्या सांगितल्या होत्या, मी सात लिहिल्या होत्या. बाईंचा चेहरा असा खुलला जणू त्यांनी चोर पकडला. मी निघताना म्हणाल्या, "चटणी झाली की हा कागद फाडून टाका."

"का हो?"

"काम झालं की चिठ्ठी राहता कामा नये. राहिली तर नको असताना पुन्हा चटणी होईल."

मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. बायकोनं विचारलं, "शेजार बदलता येईल का?"

पुढं माझ्या लक्षात आलं, की बाईंचा सगळा संसारच असा चालतो. किराणा आणायला निघाल्या की यादीची नक्कल काढणार, ती दोनदा वाचणार, दुकानातून बाहेर पडल्यावर तिचे आठ तुकडे करून पिशवीत टाकणार. लग्नाची पत्रिका आली की ती कपाटात, आणि लग्नाला जाताना पत्त्याची चिठ्ठी हातात. गणपतीत आरत्यांचं पुस्तक हातात घेऊन म्हणणाऱ्यांचा त्यांना फार राग. "मूळ पुस्तकावर तेलकट बोटं! त्याची पानं गेली म्हणजे पुढच्या पिढीनं काय टाळ्या वाजवायच्या?"

या वेडाचं कारण समजलं ते दहावीच्या वर्गात. विज्ञानाच्या पुस्तकात एक धडा आहे. पेशी आपल्या डीएनएची नक्कल कशी करते आणि त्यावरून प्रथिनं कशी बनवते, असा. पुस्तकात तो दोन पानांत आटपतो, इतर शाळांत दोन तासांत. घरतबाईंना आठ दिवस लागतात. त्या आठ दिवसांत शाळेत दुसरं काही होत नाही, कारण सगळ्या शाळेचीच पेशी झालेली असते.

पहिल्या वर्षी बाई माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "कदम, तुम्ही आमचं केंद्रक."

मला वाटलं, काहीतरी मागायचं असेल.

"चेष्टा नाही. शाळेचं जनरल रजिस्टर कुठं असतं?"

"माझ्या कपाटात."

"कधी बाहेर जातं?"

"साहेब आले तरी नाही. इथंच बसून बघायचं."

"आणि पोराला दाखला हवा असला तर?"

"उतारा देतो. रजिस्टरवरून लिहून, तपासून, शिक्का मारून."

बाई टाळी वाजवून म्हणाल्या, "मग? पेशी दुसरं काय करते! हेडमास्तर येतात नि जातात, कदम. शाळा तुमच्या कपाटात हाय." बाई रंगात आल्या की त्यांच्या बोलण्यात पेणकडचं माहेर डोकावतं. मी मात्र त्या दिवसापासून छाती पुढं काढून चालू लागलो. बावीस वर्षांत मला महत्त्वाचा म्हणणारी ही एकच व्यक्ती.

तास मैदानावर होतो. चोवीस मुलं समोरासमोर दोन रांगांत उभी राहतात, प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर एक अक्षर. अक्षरं चारच. ए समोर टी, जी समोर सी, दुसरी जोडी जमणारच नाही. समोरासमोरच्यांनी हात धरले की झाली डीएनएची शिडी. मग एक चपळ मुलगा एका टोकानं घुसतो आणि दप्तराची चेन उघडावी तसे सगळ्यांचे हात सोडवत जातो. बाहेर उभी असलेली आणखी चोवीस मुलं पळत येतात आणि आपापल्या अक्षराप्रमाणे सुट्या झालेल्यांचे हात धरतात. एका शिडीच्या दोन शिड्या होतात. "बघा," बाई ओरडतात, "दोन्हींत अर्धी जुनी, अर्धी नवी! कोण मूळ, कोण नक्कल, आता सांगा!" मग वर्गातली सगळ्यात खडूस मुलगी तपासनीस म्हणून फिरते आणि चुकून दुसऱ्याचा हात धरलेल्यांना बखोटीला धरून बाहेर काढते. या पदासाठी दर वर्षी चुरस असते.

दुसरा भाग कांद्यांचा. आमच्या तालुक्याचा पांढरा कांदा आपल्याला ठाऊक असेलच. तो वाळवतात आणि पातीसकट विणून त्याच्या माळा करतात. बाई वीस प्रकारच्या खुणा केलेले कांदे आणतात. माझ्या कपाटाच्या दारावर अक्षरांची लांबलचक ओळ चिकटवलेली असते. एक मुलगा येतो, त्यातला हवा तेवढाच तुकडा चिठ्ठीवर उतरवतो आणि खिडकीतून बाहेर देतो. चिठ्ठी जाते चिंचेखाली बसलेल्या दोन मुलींकडे. त्या तीन-तीन अक्षरं वाचतात. प्रत्येक तीन अक्षरांना एक ठरलेला कांदा. ती तीन अक्षरं ज्याच्या वाट्याची, तो आपला कांदा घेऊन धावत येतो, मुली तो माळेत विणतात, पुढची तीन अक्षरं. 'थांबा'ची तीन अक्षरं आली की पात कापायची. माळ तयार. "हे झालं प्रथिन! तुमचे केस, तुमची नखं, तुमचं रक्त, पोटातलं अन्न पचवणारे कारागीर, सगळं अशा माळांचं!" शेवटच्या दिवशी माळा मास्तरलोकांत वाटल्या जातात. आम्ही वर्षभर भाजीत प्रथिनंच चिरतो.

एका वर्षी चिठ्ठी उतरवणाऱ्यानं एक अक्षर चुकवलं. बारक्या कांद्यांच्या माळेत मधेच एक नारळाएवढा कांदा आला आणि माळ अशी पिळवटली, की खुंटीला टांगता येईना. पोरगा रडकुंडीला आला. बाईंनी ती माळ घरी नेऊन खिडकीत टांगली आणि कुजेपर्यंत काढली नाही. नकलेतल्या चुका हुडकण्यात जन्म घालवणारी ही बाई चुकलेल्या माळेवर इतकी माया का करते, हे काही मला उमगलं नव्हतं.

त्या तासाला बाईंचा एक प्रश्न ठरलेला. "आपला कांदा पांढरा का?" पोरं म्हणतात, मातीमुळं, हवेमुळं, आमच्या आजीमुळं. बाई म्हणतात, "लाल कांद्यात रंग करणारे कारागीर असतात. आपल्या कांद्यात कधी काळी नक्कल करताना चूक झाली आणि त्यांचं काम बिघडलं. रंग झालाच नाही. आपल्या तालुक्याची शान ही नकलेतली एक चूक हाय." हे वाक्य त्यांनी एकदा स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर म्हटलं. पाहुणे कांद्याचे मोठे बागायतदार होते. ते भाषण न करताच निघून गेले, आणि हेडमास्तरांनी बाईंना पुढची तीन वर्षं मंचावर चढू दिलं नाही.

असं सगळं हसण्यावारी चाललेलं असताना प्राजक्ताची गोष्ट घडली.

प्राजक्ता आमच्याच गावची, बाईंची जुनी विद्यार्थिनी. तिच्या वर्षीची तपासनीस तीच होती. अलिबागच्या पलीकडच्या एका गावात तिला दिली, कांद्याच्या घरात. नवरा मांडव्याला जेट्टीवर नोकरीला. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली आणि मुलगी झाली. मुलगी गुटगुटीत, पण केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्याही पांढऱ्या. कातडी गुलाबी. आईबाप दोघंही चांगले सावळे. नवरा आला, पाळण्यात वाकून बघितलं आणि चहा न घेता गेला. बारशाला सासरचं कुणी आलं नाही, म्हणून बारसं राहिलं. तीन महिन्यांनी सासू येऊन सुनेला आणि बाळाला घेऊन जाते अशी आमच्याकडे रीत. तीन महिने उलटून गेले, कुणी फिरकलं नाही.

प्राजक्ताची आई सुलभा एका दुपारी माझ्या टेबलासमोर येऊन बसली आणि रडायला लागली. बाई खडू घ्यायला आल्या होत्या.

"सासू म्हनते, गिरानात माळ विनली म्हनून पोर अशी झाली," सुलभा म्हणाली. "गेल्या पावसात चंद्राला गिरान लागलं, तवा ही माळंतले कुजके कांदे काढून माळ परत विनत बसलेली. पांढरा कांदा न् हातात न्हेमका तवाच. आता म्हनतात, सुनंनी खोट केली, ती तिनंच सांभाळावी."

एखाद्या गावात ग्रहणात भाजी चिरली म्हणून दोष देतात, एखाद्या गावात सुई हातात घेतली म्हणून. पांढरा कांदा विणला म्हणून पोर पांढरी झाली, हा शोध मात्र आमच्याच तालुक्यात लागू शकतो. मला हसू येत होतं, पण सुलभाकडे बघून ते गिळलं.

बाई हसल्या नाहीत. "तेव्हा कितवा होता?"

"सहावा."

"आणि लोक तिला काय बोलतात? ग्रहणाचंच, की आणखी काही?"

सुलभा खाली बघून म्हणाली, "आनखी बी बोलतात."

बाईंच्या हातातला खडू मोडला. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "कदम, रविवारी स्कूटर आहे?"

रविवारी आम्ही गेलो. सासूचं नाव सुमनबाई. ओटीवर, अंगणात, पडवीत नुसते कांदे पसरलेले. हंगामाचे दिवस, शेजारच्या दोघी-तिघी बायका मदतीला, माळा विणणं जोरात चाललेलं. मुलगा प्रशांत घरातच होता. आम्हाला बघून तो म्हणाला, "आईला विचारा," आणि आत गेला. काय विचारायचं हे आम्ही अजून सांगितलंही नव्हतं.

बाई सरळ कांद्यांत बसल्या आणि विणायला लागल्या. कामाच्या गर्दीत आलेल्या हातांना कोण नको म्हणतं? पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग बाईंनी सुरुवात केली. "सुमनबाई, समजा हे घर म्हणजे एक पेशी. तुमच्या माजघरात एक मोठी चोपडी हाय."

"आमच्याकडं चोपडीबिपडी न्हाय."

"समजा."

"कशाला समजू? असती तर दाखवली असती."

शेजारची म्हातारी, तिला सगळे जनाआजी म्हणत, खुसखुसली. बाई नेटानं पुढं निघाल्या. चोपडी, चिठ्ठी, तीन अक्षरं, कांदा. बायकांना मजा वाटू लागली. जनाआजी म्हणाली, "म्हंजे माज्या पोटात बी कोनतरी माळा विनतंय?" बाई म्हणाल्या, "आत्ता, या घडीला, हजारो." जनाआजीनं पोट चाचपून बघितलं आणि म्हणाली, "तरीच कालधरनं गुरगुरतंय."

सुमनबाई मात्र बाईंच्या हातांकडे बघत होत्या. शेवटी त्यांच्यानं राहवेना. "बाई, तुमची माळ सुटंल. द्या इकडं." त्यांनी बाईंची माळ ओढून घेतली, शेवटचे चार कांदे भराभरा उसवले आणि पुन्हा घट्ट विणले.

"हेच!" बाई केवढ्यानं तरी ओरडल्या. "हेच करते पेशी! नक्कल करताना मागं वळून बघते, चूक दिसली की उसवते, परत लावते. तुम्ही केलंत अगदी तस्संच!"

सुमनबाई थोड्या सुखावल्या. "मग चूक ऱ्हाते कशी?"

"इतक्या माळा म्हटल्यावर एखादी निसटते. तुमची कधी सुटली नाही?"

"माजी? कदीच न्हाय."

"व्हय गं," जनाआजी म्हणाली. "न् बाजारात यष्टीसमोर कांदे घरंगळले, ती कोनाची माळ व्हती?"

सगळ्याजणी हसल्या. सुमनबाईही ओठ दाबून हसल्या. मला वाटलं, जिंकलं. मी प्रशांतच्या दाराकडे बघितलं, दार जरा किलकिलं झालं होतं.

पण बाईंना अर्ध्यावर थांबणं माहीत नाही. धडा म्हणजे धडा. त्या म्हणाल्या, "आता बाळाचं. कातडीला न् केसांना रंग देणारा एक कारागीर असतो. त्याचा मजकूर प्रत्येकाकडं दोन प्रतींत असतो. एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरीवर काम चालतं, वरून पत्ताही लागत नाही. दोन्ही बिघडलेल्या एकाच लेकराच्या वाट्याला आल्या, तरच रंग होत नाही. हे पहिल्याच दिवशी ठरतं. सहाव्या महिन्यात कुणी काय विणलं, त्याचा काही संबंध नाही."

सुमनबाईंचे हात थांबले. "म्हंजे एक माज्या पोराकडनं आली?"

"हो."

"न् त्याला कोनी दिली?"

बाई प्रामाणिक. "तुम्ही, नाहीतर त्याच्या वडलांनी."

जनाआजीनंही मान खाली घातली. सुमनबाई उठून उभ्या राहिल्या. "माज्या अंगनात बसून माज्या घरान्यात खोट काढता? मास्तरीन हाव म्हनून? उठा. चला."

मी उठलो. मी अशा वेळी लगेच उठतो. बाई उठल्या नाहीत. मांडीवरच्या कांद्याची पात सरळ करत, कुणाकडे न बघता बोलायला लागल्या. तो त्यांचा वर्गातला आवाज नव्हता.

"माझी आई पोटुशी होती तेव्हा ग्रहण लागलं. सूर्याचं. माझ्या आजीनं तिला आदल्या रात्रीपासून खोलीत निजवून ठेवलं. वर गोधडी. पाणी नाही, कूस बदलायची नाही, हात हलवायचा नाही. आई हलली नाही. मी दाराशी बसून होते, मी साक्षीला आहे. आणि माझा भाऊ असाच झाला. पांढरे केस, पांढऱ्या पापण्या."



"मग आजी म्हणाली, सुनेला झोप लागली म्हणून झालं. ग्रहणात झोपली."

बाईंनी कांदा खाली ठेवला. "तुमची सून उठून विणत बसली. माझी आई पडून राहिली. दोघींचं पोर सारखंच. यात कोणाच्या हातून काय घडलं, तुम्हीच सांगा. आणि खोट म्हणाल तर माझ्या घराण्यात पण हाय. माझ्यातसुद्धा असेल एक प्रत. मी काय टाकून द्यायच्या लायकीची दिसते का?"

एवढं बोलून त्या उठल्या आणि चपला घालून निघाल्या. मी मागोमाग. फाटकापाशी वळून बघितलं, तर सुमनबाई खाली बसून बाईंची अर्धवट राहिलेली माळ हातात घेऊन नुसत्याच बसल्या होत्या.

खरं सांगतो, मला स्वतःची लाज वाटली. बावीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय. बाईंचा एक भाऊ वसईला असतो, बँकेत आहे, दर रविवारी त्याचा फोन येतो, एवढंच मला माहीत. तो कसा आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या चिठ्ठ्यांची नक्कल करून दाखवून मी शाळेत कितीतरी जणांना हसवलं होतं. वाटेत मी विचारलं तेव्हा बाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मजेत आहे. बायको आहे, दोन पोरं आहेत, दोन्ही माझ्यापेक्षा काळी. डोळे तेवढे अधू. लहानपणी फळा दिसायचा नाही, तर मी फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची आणि घरी मोठ्या अक्षरांत काढून द्यायची. एक अक्षर चुकलं तर त्याचं गणित चुकायचं." मग जरा थांबून, "खड्डा, कदम, पुढं खड्डा."

आठवडा गेला. बाई रोज डबा खाताना मला विचारत, "सुलभाचा काही निरोप?" मी नाही म्हणे. गुरुवारी त्यांनी नववीच्या मुलांना दहावीचा धडा शिकवला. शुक्रवारी त्यांनी किराण्याची यादी न वाचताच नेली आणि मीठ विसरल्या.

रविवारी सकाळी सुलभाचा फोन आला, लवकर या. आम्ही पोचलो तेव्हा दारात रिक्षा उभी. सुमनबाई ओटीवर बसल्या होत्या, शेजारी खणनारळ. प्रशांत अंगणात उभा राहून रिक्षाच्या टायरकडे बघत होता. प्राजक्ता भिंतीला टेकून बसलेली, डोळे सुजलेले, मूल मांडीवर.

सुमनबाईंनी बाईंना बघून एकदम बोलायला सुरुवात केली, जसं काही मधला आठवडा गेलाच नव्हता. "मी लई इचार केला. तुमची आय पडून ऱ्हायली तरी झालं. मग माजी सून बसली म्हनून काय झालं असंल? न् दुसरं, ती पर्त. अर्धी आमची हाय न्हवं? मना रातभर तेच. अर्धी आमची हाय, तर पोर बी आमची हाय. सुलभाताईंकडं किती दिवस ठेवायची?" मग त्या प्राजक्ताकडे वळल्या आणि आवाज पडला. "चल घरी. माजं चुकलं गं."

प्राजक्तानं मान हलवली, पण उठली नाही. सासूकडे न बघता तिनं बाईंना विचारलं, "बाई, खरंच माझ्यामुळं नाही ना?"

आठ दिवसांच्या तासात तपासनीस होती ही पोरगी. तिला सगळं पाठ होतं. तरीही तिला ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. बाई तिच्यासमोर बसल्या. मला वाटलं, आता चोपडी येणार, चिठ्ठी येणार. बाईंनी यातलं काही काढलं नाही. तिचा हात धरून म्हणाल्या, "नाही गं माझे बाय. तू काही केलं नाहीस. काही म्हणजे काही केलं नाहीस." आणि हे त्यांनी तीनदा म्हटलं.

मग रिक्षाकडे जाताना मूल बाईंच्या हातात आलं. अंगणात ऊन होतं. बाईंनी पदर ओढून बरोब्बर बाळाच्या डोळ्यांवर धरला, एका हातानं, न बघता. बाळ रडायचं थांबलं. मग सूचनांचा पट्टा सुरू झाला. उन्हात टोपी, अलिबागला डोळ्यांचे डॉक्टर, शाळेत पहिला बाक, चष्मा लागला तर घाबरायचं नाही. सुमनबाई म्हणाल्या, "एवडं ध्यानात कसं ऱ्हानार? लिवून द्या." बाईंनी लिहून दिलं, आणि दोनदा वाचून घेतलं.

रिक्षा गेली. सुलभा पाळणा आवरायला आत गेली. मी स्कूटर वळवली, बाई मागं बसल्या, पण मी किक मारली नाही. मी पुढंच बघत राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "तुमच्या आईंना बरं वाटलं असतं आज."

बाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "मी बारावीत असताना गेली ती. शेवटपर्यंत म्हणायची, मला झोप लागायला नको होती. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आम्हाला हा धडा आला. दोन प्रती, रंगाचा कारागीर, सगळं सरांनी एका तासात फळ्यावर काढलं. मी मधेच उठले. सरांना म्हटलं, मला घरी जायचंय, आईला एक सांगायचंय. धावत स्टँडवर गेले, पेणची गाडी उभीच होती. कंडक्टरला गावाचं नाव सांगितलं, तिकीट घेतलं, खिडकीशी बसले. आईला कुठून सांगायला सुरुवात करायची, ते मनात जुळवत होते. अर्ध्या वाटेवर आठवलं."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. पोयनाडला उतरले आणि परत आले. दुपारी प्रॅक्टिकल होतं."